काटा का नाचतो?

लोणंद-फलटण भागात कोणी जुनी प्रीमियर पद्मिनी जपली असेल आणि इग्निशनचे यांत्रिक पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं असेल, तर इंजिन गुळगुळीत चालतं. पण हौसेने लावलेल्या टॅकोमीटरचा काटा कधी नाचतो, कधी शून्यावरच झोपतो. मीटर बहुधा निर्दोष असतो!

टॅकोमीटर इंजिनाचे फेरे थेट मोजत नाही, तो ठिणग्या मोजतो. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन ठिणग्या, म्हणजे 3000 आरपीएमला सेकंदाला 100.

ठिणग्यांचा हा संकेत मीटरपर्यंत दोन वाटांनी येतो. काही मीटर इग्निशन कॉइलच्या ऋण टोकावरचा व्होल्टेजचा झटका वाचतात. एमजीसारख्या ब्रिटिश गाड्यांतले स्मिथ्सचे जुने मीटर मात्र कॉइलकडे जाणाऱ्या तारेतला प्रवाह वाचतात, आणि नव्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या मॉड्यूलने त्या प्रवाहाचं रूप बदललं की गोंधळतात. अशा वेळी मॉड्यूलची वीज मीटरच्या आधीच वेगळी काढावी, म्हणजे मीटरमधून फक्त कॉइलचा प्रवाह जाईल. तरीही जमलं नाही, तर डायल आणि काटा तसाच ठेवून आतला सर्किट बोर्ड बदलावा. जुन्या गाडीचा चेहरा जपणारा हाच उपाय मला सर्वांत आवडतो.

सीडीआय, म्हणजे कपॅसिटर डिस्चार्ज इग्निशन, असेल तर अधिक सावध राहा. तिथे कॉइलवर शेकडो व्होल्ट येतात. टॅकोमीटरची तार कॉइलला न जोडता सीडीआय बॉक्सवरच्या टॅकोसाठीच्या टोकालाच जोडावी.