सनदी शाळा : समज आणि वस्तुस्थिती

सनद हा शब्द आपल्या दप्तरात जुना आहे. इनामाची सनद, वतनाची सनद, वकिलीची सनद असे त्याचे नाना प्रयोग आपण ऐकत आलो, आणि त्या सर्वांत एक सूत्र समान असे की, देणारा एक, घेणारा दुसरा, मध्ये काही अटी, आणि अटी मोडल्यास दिलेले काढून घेण्याचा देणाऱ्याचा अधिकार. अमेरिकेत ज्यांना चार्टर स्कूल म्हणतात त्यांना मराठीत सनदी शाळा म्हणावे असे मला वाटते ते एवढ्याचसाठी. या शाळांविषयीचे जे समज तिकडे, आणि तिकडून सुट्टीवर येणाऱ्या आप्तांच्या गप्पांतून इकडेही, पसरले आहेत, त्यांतील बहुतेक सनद या कल्पनेकडे नीट न पाहिल्यामुळे उद्भवलेले आहेत.

सनदी शाळा म्हणजे खासगी शाळा, हा त्यांतील सर्वांत रूढ समज. वस्तुतः या शाळांत फी नसते. खर्च सार्वजनिक तिजोरीतून होतो. आणि जागांपेक्षा अर्ज अधिक आले तर सामान्यतः चिठ्ठ्या टाकून प्रवेश ठरतात. खासगी असते ते व्यवस्थापन. स्थानिक शिक्षण मंडळाच्या पुष्कळशा नियमांतून सूट घेऊन, त्या बदल्यात ठरावीक मुदतीत, बहुधा पाच वर्षांत, अमुक परिणाम दाखवीन असा करार एखादी संस्था करते. आपल्या अनुदानित शाळांच्या परिचयामुळे मराठी वाचकाला हे विचित्र वाटू नये. भेद इतकाच, आणि तो लहान नाही, की आपल्याकडे सरकार मुख्यतः मंजूर पदांवरील शिक्षकांचे वेतन देते, तर तिकडे पैसा विद्यार्थ्याच्या पाठोपाठ चालतो : मूल जिकडे गेले, तिकडे त्याच्या नावची रक्कम गेली.

ही योजना शिक्षक संघटनांना नामोहरम करण्यासाठी धनिकांनी रचली, असेही म्हटले जाते. पुढे पुष्कळ धनिकांनी तिला हातभार लावला हे खरे. परंतु हिचा आरंभीचा सर्वांत प्रभावी पुरस्कर्ता शिक्षकांच्या एका बलाढ्य राष्ट्रीय संघटनेचा अध्यक्ष अल्बर्ट शँकर हा होता, हे विसरून चालणार नाही. सार्वजनिक शाळांच्या चौकटीत राहूनच शिक्षकांना नवे प्रयोग करण्याची मोकळीक मिळावी, असे त्याने 1988 मध्ये सुचविले. 1991 मध्ये मिनेसोटा राज्याने पहिला कायदा केला, 1992 मध्ये सेंट पॉल येथे पहिली शाळा उघडली, आणि थोड्याच वर्षांत स्वतः शँकर या प्रकाराचा टीकाकार झाला. कल्पनेचा पुरस्कर्ताच तिच्यावर रुष्ट व्हावा, असे शिक्षणक्षेत्रात वारंवार घडते.

तेव्हापासून झालेली वाढ मोठी आहे. 2010 मध्ये सुमारे 18 लाख मुले या शाळांत होती, ती 2021 मध्ये सुमारे 37 लाख झाली. तरीही सार्वजनिक शाळांतील एकंदर विद्यार्थ्यांच्या तुलनेत हे प्रमाण सातेक टक्केच भरते. ज्या प्रतीक्षायाद्यांचा उल्लेख लोकप्रियतेचा पुरावा म्हणून केला जातो त्या सावधपणे वाचाव्यात. एकाच मुलाचे नाव चार शाळांच्या याद्यांत असू शकते.

या शाळा चांगल्या की वाईट, या प्रश्नावर दोन्ही पक्ष आपापले आकडे फडकावतात, आणि दोघांचेही आकडे खरे असतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी 2009 मध्ये 16 प्रदेशांची पाहणी केली, तेव्हा गणितात 17 टक्के सनदी शाळा तुल्य सार्वजनिक शाळांहून सरस आणि 37 टक्के निकृष्ट ठरल्या. त्यांच्याच 2023 च्या अहवालात सरासरी सनदी शाळांकडे किंचित झुकली. बॉस्टनमध्ये चिठ्ठी लागलेल्या आणि न लागलेल्या मुलांची तुलना करणाऱ्या अभ्यासांत मोठा लाभ आढळला. उलट, घरी संगणकासमोर बसवून शिकवणाऱ्या सनदी शाळांचे परिणाम इतके शोचनीय निघाले की त्यांचे समर्थन करण्यास सनदी शाळांचे कट्टर पुरस्कर्तेही सहसा धजावत नाहीत. तात्पर्य, सनदी हे विशेषण शाळेच्या गुणवत्तेविषयी काहीच सांगत नाही. सनद कोणी दिली आणि दिल्यावर तपासणी कोणी केली, हे मात्र पुष्कळ सांगते. ओहायोमध्ये सनद देणाऱ्या पुरस्कर्त्या संस्थेला शाळेच्या सरकारी निधीतून तीन टक्क्यांपर्यंत रक्कम घेता येते. ज्याने कान धरायचा त्यालाच दस्तुरी मिळावी, अशी ही व्यवस्था! त्याच राज्यातील एक अतिविशाल संगणकीय शाळा, आपल्या पटावरील मुले खरोखर शिकत होती हे सिद्ध करू न शकल्यामुळे, 2018 च्या जानेवारीत भर सत्रात बंद पडली आणि सुमारे 12,000 विद्यार्थी दुसरी शाळा शोधू लागले.

आता सार्वजनिक शिक्षणावरील परिणामाकडे वळू, कारण सर्वांत फसवा युक्तिवाद येथेच आहे. मूल गेले, त्याचा खर्चही गेला, मग मंडळाचे नुकसान कोठे झाले, असे विचारले जाते. हिशेब कागदावर बिनचूक आहे; शाळेच्या इमारतीत तो जुळत नाही. पाचशे मुलांच्या शाळेतून वीस मुले गेली, तर ती एकाच वर्गातून जात नाहीत. या इयत्तेतून दोन, त्या इयत्तेतून तीन अशी जातात. एकही वर्ग बंद करता येत नाही, एकही शिक्षक कमी करता येत नाही. छप्पर तेवढेच, बस तेवढीच, थंडीत इमारत उबदार ठेवण्याचा खर्च तेवढाच आणि निवृत्तिवेतनाचे जुने देणेही तेवढेच. उत्पन्न मात्र वीस मुलांचे घटते. शिवाय विशेष गरजा असलेल्या मुलांचा भार मंडळाकडे अधिक राहतो : 2009-10 साली सनदी शाळांत अशी मुले 8 टक्के, तर इतर सार्वजनिक शाळांत 11 टक्के होती. कॅलिफोर्नियातील ओकलंड शहराच्या मंडळावर पडणारा हा निव्वळ बोजा 2018 च्या एका अभ्यासाने वर्षाला 5 कोटी 73 लाख डॉलर इतका काढला. हा अभ्यास विरोधी पक्षाच्या गोटातला आणि त्याची पद्धत वादग्रस्त आहे, हे सांगणे प्राप्त आहे. परंतु स्थिर खर्चाचे तत्त्व त्यामुळे खोटे ठरत नाही. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यात अशा मंडळांना काही वर्षे भरपाई देण्याची तरतूद आहे, ती हे तत्त्व मान्य करूनच. त्याच राज्यात, बॉस्टनचे उत्तम निकाल समोर असतानाही, सनदी शाळांची मर्यादा वाढविण्याचा प्रस्ताव 2016 मध्ये सुमारे 62 टक्के मतदारांनी नामंजूर केला. शेजारच्या शाळेचे यश आणि आपल्या शाळेचा जमाखर्च या दोन गोष्टी मतदाराने वेगळ्या ठेवल्या, असे मी समजतो.

याचा अर्थ सनदी शाळा आली की सार्वजनिक शाळा खचलीच, असा मात्र नव्हे. न्यूयॉर्क शहरात सनदी शाळांच्या निकट असलेल्या सार्वजनिक शाळांचे निकाल थोडे सुधारल्याचेही आढळले आहे. आणि जेथे लोकवस्तीच ओसरत आहे तेथे रिकाम्या वर्गांचा सर्व दोष सनदी शाळांवर टाकणे अन्यायाचे होईल.

हा प्रयोग शेवटच्या टोकापर्यंत नेला तो न्यू ऑर्लिन्सने. 2005 च्या कॅटरिना वादळानंतर राज्याने बहुतेक शाळा आपल्या ताब्यात घेतल्या, सात हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या, आणि पुढील काही वर्षांत जवळजवळ सर्व शाळा सनदी संस्थांच्या हवाली झाल्या. परीक्षांचे निकाल सुधारले, पदवीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण वाढले. दरडोई खर्चही वाढला होता, आणि बडतर्फ शिक्षकांत कृष्णवर्णीय अनुभवी शिक्षकांचा भरणा मोठा होता, हे त्या यशाच्या वृत्तांतात पुष्कळदा गाळले जाते. अखेर 2024 मध्ये त्याच शहराच्या मंडळाने नव्या सनदेऐवजी स्वतःच चालविण्याची एक शाळा उघडली आणि तिला लिआ चेज या तेथील विख्यात पाककर्त्रीचे नाव दिले. सनदा देण्याची सवय जडलेल्या त्या कार्यालयाला मुख्याध्यापक नेमणे, शिक्षक भरती करणे, अभ्यासक्रम निवडणे ही सर्व कामे आता पुन्हा आपल्याच हातांनी करावी लागली.