हवेतला माणूस आणि चौकटीची कड

धावत्या माणसाच्या पुढ्यात जागा सोडावी, हे फोटोग्राफी शिकायला गेलं की पहिल्या काही दिवसांतच कानावर पडतं. बघणाऱ्याची नजर त्या माणसाच्या आधी पुढे पळते, मग तिला पळायला अंगण नको का? नियम रास्त आहे. आणि विसाव्या शतकातलं बहुधा सर्वांत गाजलेलं उडीचं छायाचित्र तो खुशाल धुडकावतं.

१९३२ साल, पॅरिस. सँ-लाझार स्टेशनाच्या मागे पाणी साचलंय, पाण्यात एक शिडी आडवी पडली आहे. तिच्यावरून आलेला एक माणूस झेप घेतो आणि आँरी कार्तिए-ब्रेसाँच्या लायकाचा शटर पडतो. माणसाची टाच पाण्याला टेकायला जेमतेम बोटभर अंतर. पण तो आहे कुठे? पार उजव्या कडेला, आणि झेपही उजवीकडेच. आणखी निमिषभर, की हा गडी फोटोच्या बाहेर!

मग हे चित्र एका बाजूला कलंडत का नाही? फोटो डोळ्यांजवळ घ्या आणि मागच्या भिंतीवरचं पोस्टर शोधा. त्यावर एक नर्तक तशीच झेप घेतोय, फक्त उलट्या दिशेला. आकृती एवढीशी, पण मोठ्या माणसाची डावीकडून बाकी चुकती करणारी. सी-सॉवर लहान मूल टोकाला बसलं की आतल्या बाजूच्या मोठ्या माणसालाही तोलून धरतं, तसं चौकटीतही असतं: वस्तू मध्यापासून जितकी लांब, तितकं नजरेला तिचं वजन जास्त. शिवाय खाली पाण्यात उडी मारणाऱ्याचं उलटं प्रतिबिंब आहे, तेही त्याला खाली ओढून धरतं. नियम मोडला खरा, पण त्याची भरपाई त्याच चौकटीत दुसऱ्या कुणीतरी केली आहे. कॅमेरा उचलण्याआधी कार्तिए-ब्रेसाँ आंद्रे लोत या चित्रकाराकडे शिकत होता. रचनेची भूमिती तिथे हाडीमाशी मुरलेली, त्यामुळे ऐनवेळी हिशेब करत बसायची गरज नव्हती. नशिबाचा वाटा होताच, पण नशीबही तयार डोळ्यालाच दिसतं, असं आपलं माझं मत.

गंमत म्हणजे हा फोटो त्याने कुंपणाच्या दोन फळ्यांमधल्या फटीतून काढला. फट भिंगाला पुरेशी नव्हती, डावीकडे फळी आली, ती कापून टाकावी लागली. निगेटिव्हला कात्री लावायची नाही असा ज्याचा आयुष्यभराचा हट्ट, त्याच्या सर्वांत प्रसिद्ध चित्रालाच कात्री लागलेली.

नियमांचं वयही बघण्यासारखं आहे. मोबाइलच्या पडद्यावर दोन उभ्या, दोन आडव्या रेषा मारून नऊ चौकोन करणारा ‘रूल ऑफ थर्ड्स’ कॅमेऱ्यापेक्षा जुना. १७९७ साली जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने खेड्यांतल्या निसर्गदृश्यांवरच्या पुस्तकात तो मांडला. दगेरच्या फोटो काढण्याच्या पद्धतीची घोषणा व्हायला अजून ४२ वर्षं होती! एकाच चित्रात दोन उजेड सारख्याच जोराचे नकोत, असं जोशुआ रेनॉल्ड्स या चित्रकाराचं म्हणणं. स्मिथने त्यावरून एक भाग–दोन भाग असं सरळ प्रमाणच बांधून दिलं. फोटोवाल्यांना ते मानवलं, त्याला एक यांत्रिक कारणही असावं. जुन्या एसएलआर कॅमेऱ्यांत फोकस जुळवायची खूण व्ह्यूफाइंडरच्या बरोबर मध्ये असायची. चेहऱ्यावर फोकस करायचा आणि तिथल्या तिथे बटण दाबायचं, की काकांचं डोकं मधोमध आणि वर ढीगभर रिकामी भिंत. घरोघरच्या अल्बमांत हे काका सापडतील. त्यांच्यावर एक तृतीयांशचा उतारा छान लागू पडतो.

पण क्षितिज मधोमध नको, हे छायाचित्रकार हिरोशी सुगिमोतोला सांगून बघा. १९८०पासून तो जगभरचे समुद्र कृष्णधवल टिपत आला आहे: अर्धं पाणी, अर्धी हवा, रेषा बरोबर मध्यावर. ना होडी, ना पक्षी, ना किनारा. आकाश थोडं जास्त असतं, तर तो आकाशाचा फोटो झाला असता. पाणी जास्त असतं, तर पाण्याचा. इथे कुणाचीच बाजू घ्यायची नाही, म्हणून मध्यच हवा.

आता आपल्या चर्चगेटला या. रघू राय यांना मॅग्नम या छायाचित्रकारांच्या संस्थेसाठी १९७७ साली सुचवलं ते कार्तिए-ब्रेसाँनेच. राय यांनी १९९५मध्ये या स्टेशनावर जे केलं, त्याला कुठल्याही परीक्षेत ‘फोटो हलला’ म्हणून शून्य मिळालं असतं. गर्दीचा पार धुरळा झालेला, एकही चेहरा ओळखू येत नाही, आणि त्या लोंढ्यात पेपर वाचणारी माणसं मात्र रेखीव, शांत. यात जादू नाही. शटर जास्त वेळ उघडा ठेवला की जो हलतो तो फिल्मवर फरफटतो आणि जो थांबतो तो टिकतो; फक्त कॅमेरा हलता कामा नये. हीच गर्दी सेकंदाच्या पाचशेव्या भागात टिपली असती, तर प्रत्येक मिशी स्पष्ट आली असती आणि साडेनऊची धावपळ रांगेत उभी असल्यासारखी दिसली असती.

मोबाइलच्या ‘प्रो’ मोडमध्ये हे जमतं. शटर पाव सेकंदावर ठेवा, फोन खांबाला टेकवा, आयएसओ सर्वांत खाली आणा. दुपारच्या उन्हात फोटो पांढराफटक पडेल, त्यामुळे दिवेलागणीची मंडई बरी. आणि भाव करत उभं असलेलं एखादं गिऱ्हाईक आधी हेरून ठेवा. घासाघीस चालू असेपर्यंत ते जागचं हलत नाही.