मोजणाऱ्याला थांबवू नका

जुन्या राउटरवर डेटावापर पाहताना आकडा वाढायच्या ऐवजी एकदम शून्याजवळ का येतो, असा प्रश्न वाचक नेहमी विचारतात. 32 बिटांच्या काउंटरमध्ये जास्तीत जास्त 4,29,49,67,295 ही संख्या मावते. पुढचा बाइट आला की पुन्हा शून्य! सेकंदाला 100 मेगाबिटची लाइन भरून वाहत असेल तर हे पावणेसहा मिनिटांच्या आत घडतं; एक गिगाबिटच्या लाइनवर अवघ्या 34 सेकंदांत.

मग काउंटर 64 बिटांचाच का ठेवू नये? 32 बिटांच्या प्रोसेसरला ती बेरीज मुळीच जड नाही. खालच्या अर्ध्या भागात मिळवायचं आणि हातचा वरच्या भागात घ्यायचा. खरी अडचण वाचताना येते. गाडीचा ओडोमीटर 0999 वरून 1000 वर जाताना चाकं अर्धवट फिरलेली असतील, तर 0000 दिसेल किंवा 1999. दोन टप्प्यांच्या मधोमध दुसऱ्या प्रोसेसरने काउंटर वाचला तर नेमकं हेच होतं. कुलूप लावून हे टाळता येतं, पण मग दर पॅकेटमागे कुलूप लावा आणि काढा! सेकंदाला लाखो पॅकेटं येतात तिथे हा भुर्दंड परवडत नाही.

2010 मध्ये एरिक ड्युमाझे यांनी लिनक्समध्ये यावर सुरेख तोड आणली. काउंटरशेजारी एक क्रमांक ठेवायचा. लिहिणारा आधी तो विषम करतो, बेरीज करतो, मग सम करतो. वाचणारा आधी आणि नंतर क्रमांक पाहतो. तो विषम असला किंवा मध्येच बदलला, तर पुन्हा वाचतो. काउंटर वाचला जातो क्वचित, लिहिला जातो सतत. म्हणून खोळंबा वाचणाऱ्याच्या वाट्याला. 64 बिटांच्या यंत्रांवर हा सगळा खटाटोप कोडमधून गळूनच पडतो.

या विचाराचं मूळ लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या 1977 च्या शोधनिबंधात सापडतं. लेटेक आणि 2013 चा ट्युरिंग पुरस्कार यांमुळे ते सर्वांना ठाऊक आहेत, पण या निबंधाचं नाव क्वचितच निघतं. सतत वाढणारी संख्या उजवीकडून डावीकडे लिहिली आणि डावीकडून उजवीकडे वाचली, तर वाचलेला आकडा वाचून संपतानाच्या खऱ्या आकड्यापेक्षा मोठा येणार नाही, आणि त्यासाठी कुलूप लागत नाही, हे त्यांनी सिद्ध केलं. केवळ दिशा बदलून!

जुनं यंत्र अचूक मोजू शकत नाही म्हणून ते भंगारात काढा, हा सल्ला म्हणूनच पटत नाही. मोजणी चुकते ती बहुधा सॉफ्टवेअरने अरुंद काउंटर निवडल्यामुळे, आणि ती चूक सॉफ्टवेअरमध्येच दुरुस्त होते.