बातम्या दिवसा, बाख रात्री

८ जुलै १९२४ रोजी न्यूयॉर्क महापालिकेने स्वतःचं रेडिओ केंद्र सुरू केलं. त्याचं नाव डब्ल्यूएनवायसी. पालिकेच्या केंद्रावर काय काय लागावं? १९२९ पासून ‘मास्टरवर्क अवर’मध्ये पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या तबकड्या लागू लागल्या. १९४५ मध्ये वर्तमानपत्रं घरोघरी पोहोचवणारे संपावर गेले, तेव्हा महापौर ला ग्वार्डिया स्वतः माइकसमोर बसले आणि मुलांना चित्रकथा वाचून दाखवू लागले.

पुढे केंद्राच्या ९३.९ एफएम वाहिनीचा दिवस ठरून गेला: सकाळी बातम्या, मग संगीत, संध्याकाळी पुन्हा बातम्या, रात्री पुन्हा संगीत. आकाशवाणीच्या श्रोत्याला यात काहीच वावगं वाटणार नाही. बातम्यांपाठोपाठ ख्याल आणि त्यानंतर शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम, हे आपल्या अंगवळणी पडलंय. अमेरिकेत मात्र गणित वेगळं. तिथल्या सार्वजनिक केंद्रांचा मोठा आधार म्हणजे श्रोत्यांनी आपखुशीने दिलेली वर्गणी. डेव्हिड जिओव्हानोनी यांचे श्रोत्यांविषयीचे अभ्यास १९८०च्या दशकापासून या केंद्रांना बजावत होते की, कार्यक्रमाचा बाज बदलला की श्रोता उठून जातो. व्हायोलिन सुरू झालं की बातम्यांवाला रेडिओ बंद करतो, चर्चा सुरू झाली की संगीतवाला.

१९९७ मध्ये डब्ल्यूएनवायसी पालिकेच्या हातून सुटलं. ज्युलियानी महापौर असताना दोन कोटी डॉलरच्या मोबदल्यात परवाने एका ना-नफा संस्थेकडे गेले. आता वर्गणी महत्त्वाचीच झाली.

११ सप्टेंबर २००१ रोजी वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या उत्तर मनोऱ्यावरचा एफएमचा अँटेना मनोऱ्याबरोबरच कोसळला. केंद्राचं कार्यालयही तिथून जवळच होतं. ते रिकामं करावं लागलं. केंद्राच्या ८२० एएम वाहिनीचं प्रक्षेपण न्यू जर्सीतून होत असल्याने तो आवाज टिकला, आणि त्या दिवसांत शहराला हवी होती ती माहिती. २००२ मध्ये ९३.९ वरचं दिवसाचं संगीत काढून तिथे बातम्या आणि चर्चा आल्या. जुने श्रोते चिडले. केंद्राचं म्हणणं असं की, दिवसा अभिजात संगीत ऐकवायला शहरात डब्ल्यूक्यूएक्सआर आहेच. युक्तिवाद बिनतोड, फक्त दुसऱ्याच्या भरवशावर केलेला. ते केंद्र तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’चं, जाहिरातींवर चालणारं.

‘टाइम्स’ अडचणीत आला आणि २००९ मध्ये त्याने डब्ल्यूक्यूएक्सआर विकायला काढलं. सौदा तिहेरी झाला. युनिव्हिजन या स्पॅनिश भाषेतल्या प्रसारण कंपनीने ३ कोटी ३५ लाख डॉलर मोजून डब्ल्यूक्यूएक्सआरची ९६.३ ही जागा घेतली आणि आपली १०५.९ सोडली. डब्ल्यूएनवायसीने १ कोटी १५ लाखांत ती १०५.९ आणि डब्ल्यूक्यूएक्सआरचं नाव घेतलं. ऑक्टोबरमध्ये संगीत नव्या जागी गेलं. तिथे जाहिराती नव्हत्या, पण प्रक्षेपणाची ताकदही नव्हती. पूर्वीचे ६,००० वॅट जाऊन आता जेमतेम ६१० उरले. उपनगरांत ज्यांचा रेडिओ खरखरू लागला, त्यांना हा समतोल कसा वाटला असेल? संगीत वाचलं हे खरं, पण तडजोडीची किंमत त्यानेच मोजली.

बातम्यांकडे जाणारी वाट एकेरीच असते असंही नाही. वॉशिंग्टनच्या डब्ल्यूईटीएने २००५ मध्ये संगीत सोडून फक्त बातम्या आणि चर्चा धरल्या. पण तिथे डब्ल्यूएएमयू हे बातम्यांचं तगडं सार्वजनिक केंद्र आधीपासून होतं. २००७ मध्ये शहरातल्या डब्ल्यूजीएमएस या व्यावसायिक केंद्राने अभिजात संगीत सोडलं, तेव्हा डब्ल्यूईटीए पुन्हा संगीताकडे वळलं. मोकळी जागा दिसली, ती धरली. यात सोवळेपणापेक्षा व्यवहार अधिक.

न्यूयॉर्कमध्ये ९३.९ वर संगीताचा एक तुकडा तरीही उरला: १९८२ पासून जॉन शेफर यांचा ‘न्यू साउंड्स’. ऑक्टोबर २०१९ मध्ये तो बंद करण्याचं जाहीर झालं, श्रोत्यांनी ओरड केली आणि त्याच महिन्यात व्यवस्थापनाने निर्णय मागे घेतला.