गाडी अचानक लंगडते, ती का?

न्हावऱ्याहून पारगावमार्गे केडगाव-चौफुल्याकडे जाणारा रस्ता हंगामात उसाचाच असतो. पुढे दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागे मोटारींची रांग आणि समोर मोकळं दिसलं की ओव्हरटेकची घाई. अर्धी गाडी उजवीकडे निघालेली असताना ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबूनही ती ओढेनाशी झाली तर? डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो, काटा अडीच-तीन हजार फेऱ्यांच्या पुढे सरकत नाही आणि वेग चाळीस-पन्नासवर अडकतो. इंजिन बंद पडलेलं नसतं, वेगळा आवाज नसतो, धूरही नसतो. शिरूर-दौंडच्या रस्त्यांवर असा अनुभव आलेले चालक पुष्कळ सापडतील.

याला 'लिम्प मोड' म्हणतात, म्हणजे लंगडत चालणं. यात इंजिन मोडलेलं नसतं. गाडीतल्या संगणकाने, म्हणजे ईसीयूने, मुद्दाम ताकद कमी केलेली असते. पूर्वी ॲक्सिलरेटरची तार थेट इंजिनाला जोडलेली असे. आता पेडलखाली दोन सेन्सर असतात. ते पाय किती दाबला आहे हे ईसीयूला कळवतात आणि ईसीयू त्यावरून हवा व इंधन ठरवतो. दोन्ही सेन्सरचे आकडे जुळेनासे झाले की चालकाला नेमकं काय हवं आहे हे ईसीयूला कळत नाही. अशा वेळी गाडी भरधाव सुटण्यापेक्षा ती हळू चाललेली बरी, असा हिशेब त्याच्यात आधीच लिहून ठेवलेला असतो. टर्बोत दाब कमी-जास्त झाला, इंजिन किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तापला, तरी हाच हिशेब लागू होतो.

कारण पुष्कळदा क्षुल्लक असतं. टर्बोकडून इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप चिरतो आणि हवा बाहेर निसटते. डिझेलमध्ये पाणी येतं किंवा फिल्टर तुंबतो. काजळी साचून ईजीआर व्हॉल्व्ह किंवा टर्बोची पाती अडकतात. आणि उसाच्या पट्ट्यातलं खास कारण म्हणजे उंदीर. शेतातल्या शेडमध्ये चार दिवस उभ्या राहिलेल्या गाडीची एखादी वायर कुरतडली गेली, की सेन्सरचा निरोप पोचत नाही आणि हजारो रुपयांचा टर्बो धडधाकट असूनही गाडी लंगडू लागते. म्हणूनच आधी वायरी आणि पाइप बघणारा मिस्त्री शहाणा समजावा.

शिरूर तालुक्याला या विषयाशी आणखी एक नातं आहे. रांजणगाव एमआयडीसीतल्या फियाटच्या कारखान्यात १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन तयार होत असे. त्याच आराखड्याची इंजिनं टाटा आणि मारुतीच्या कितीतरी गाड्यांत बसली. २०२० मध्ये बीएस-६ निकष आले, तेव्हा हे इंजिन थांबलं. लहान डिझेल इंजिनाला नव्या निकषांत बसवण्याचा खर्च परवडेनासा झाला होता.

या खर्चात मोठा वाटा होता डीपीएफचा, म्हणजे डिझेलची काजळी अडवणाऱ्या गाळणीचा. १ एप्रिल २०२० पासूनच्या बहुतेक डिझेल मोटारींत ती सायलेन्सरच्या वाटेवर बसलेली असते. त्यामागे आरोग्याचं कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसाला कर्करोग देणाऱ्या पहिल्या गटात टाकला. काजळीचे कण इतके बारीक असतात की ते फुप्फुसात खोलवर जातात.

गाळणी भरत आली की ईसीयू जादा डिझेल सोडून तिचं तापमान सहाशे अंश सेल्सिअसच्या आसपास नेतो आणि काजळी जाळतो. हे व्हायला गाडी पंधरा-वीस मिनिटं सलग, बऱ्या वेगाने चालावी लागते. घर ते बाजार, बाजार ते शाळा एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीत हे जळणं प्रत्येक वेळी अर्धवट राहतं. शिवाय न जळलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइलची पातळी वाढलेली दिसते. दिवा लागूनही गाडी तशीच दामटली, तर काजळी एका मर्यादेपलीकडे जाते. मग ईसीयू ती जाळायलाच नकार देतो, कारण तेवढी काजळी एकदम पेटली तर गाळणीच वितळेल. तो ताकद कापतो आणि गाडी गॅरेजला नेणं भाग पडतं. सोलापूर रस्त्यावर पाटस-यवतकडे अधूनमधून एक सलग फेरी मारली, तर अशी वेळ सहसा येत नाही. एक काळजी मात्र घ्यावी. जळण सुरू असताना गाडी वाळल्या पाचटावर किंवा गवतावर उभी करू नये.

मोठ्या डिझेल गाड्यांत आणखी एक टाकी असते, डीईएफची. तिच्यात शुद्ध पाण्यात ३२.५ टक्के युरिया असतो. ती संपत आली की गाडी आधी इशारे देते. त्याकडे दुर्लक्ष केलं तर काही गाड्यांत ताकद कमी होते, काहींत पुन्हा स्टार्टच होत नाही. गोदामातला युरिया पाण्यात विरघळवून ती भरण्याचा मोह होऊ शकतो. पण २०१५ पासून शेतीच्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा आहे. तो आणि त्यातली अशुद्धी इंजेक्टर व कॅटॅलिस्ट दोन्ही तुंबवते, आणि त्यांची किंमत युरियाच्या शेकडो पोत्यांइतकी भरते.

डीपीएफ काढून, सॉफ्टवेअर बदलून 'कटकट मिटवून' देणारेही भेटतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार असा बदल बेकायदा आहे, आणि मागे बसलेल्या शाळकरी पोरांच्या नाकात पूर्वीचीच काजळी जाते ती वेगळी.

ओव्हरटेक करताना ताकद गेली, तर आणखी दाबत बसू नये. पार्किंगचे दिवे लावावेत, ब्रेक हळू मारत आपल्या लेनमध्ये परत यावं आणि रस्त्याच्या कडेला थांबावं. तापमानाचा काटा वर असेल किंवा ऑइलचा लाल दिवा असेल, तर इंजिन लगेच बंद करावं. नसेल, तर दोन-तीन मिनिटं बंद ठेवून पुन्हा सुरू केल्यावर अनेकदा ताकद परत येते. पण बिघाड तसाच असतो आणि तो पुढच्या चढावर परत गाठतो. स्कॅनर लावल्यावर मिस्त्री कोड लगेच पुसतात. पुसण्याआधी तो लिहून घ्यावा. पी०२९९ म्हणजे टर्बोचा दाब कमी, पी२१३५ म्हणजे थ्रॉटलच्या किंवा पेडलच्या सेन्सरचे आकडे जुळत नाहीत, पी२४६३ म्हणजे गाळणीत काजळी साचली. दुसऱ्या गॅरेजला जाताना हा कागद सोबत असेल, तर तपासणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागत नाही.