शेणातला वायू, उन्हातलं रसायन

कुडाळ तालुक्यातल्या झारापच्या 'भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठान'ने आणि डॉ. प्रसाद देवधरांनी सिंधुदुर्गात गोबरगॅस घरोघरी पोचवला. गोठ्यातलं शेण टाकीत जातं, गॅस शेगडीला येतो, स्लरी माडा-पोफळींना मिळते. या गॅसमध्ये साधारण 55 ते 65 टक्के मिथेन असतो, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. आपण मिथेन जाळतो आणि ते योग्यच आहे. पण रसायनशास्त्रज्ञांना त्यात शेगडीपलीकडचंही काही दिसतं. मिथेनपासून मिथेनॉल बनतं आणि मिथेनॉलपासून प्लायवूडचा गोंद, रंग, इंधन असं कितीतरी.

आज मिथेनॉल बनवायला नैसर्गिक वायू वाफेबरोबर 800 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतात. त्यातून निघालेले कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन पुन्हा मोठ्या दाबाखाली तांबेयुक्त उत्प्रेरकावरून नेतात. असा कारखाना अवाढव्यच असावा लागतो, गोठ्यामागे तो उभा राहत नाही.

एवढी आच लागते, कारण मिथेन फार हट्टी आहे. एका कार्बनला चार हायड्रोजन सारख्याच घट्टपणे चिकटलेले. त्यातला पहिला सोडवायला मोलमागे सुमारे 439 किलोज्यूल ऊर्जा लागते. खरी अडचण त्याच्याही पुढे आहे. तयार झालेलं मिथेनॉल मिथेनपेक्षा लवकर ऑक्सिजनच्या तावडीत सापडतं आणि थेट कार्बन डायऑक्साइड होऊन बसतं. बंध तोडण्याइतकंच योग्य जागी थांबणंही महत्त्वाचं.

इथे प्रकाश कामाला येतो. 1972 मध्ये जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर उजेड पाडून पाण्याचं विघटन करून दाखवलं. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतो तोच हा पदार्थ. अतिनील किरण पडले की त्यातला इलेक्ट्रॉन उसळी घेतो आणि मागे रिकामी जागा राहते. ती जागा पाण्यापासून अतिशय आक्रमक असा हायड्रॉक्सिल कण घडवते आणि तो मिथेनमधला एक हायड्रोजन खेचून घेतो. 2018 मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या जुनवांग तांग यांच्या गटाने या पांढऱ्या भुकटीवर लोहाचे अतिसूक्ष्म कण बसवले. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या साथीने, साध्या तापमानाला आणि साध्या दाबाला, मिळालेल्या पदार्थांत 90 टक्क्यांहून अधिक वाटा मिथेनॉलचा होता. लोहाने प्रक्रियेला वेळेवर आवर घातला होता.

रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट असतं, म्हणजे लोह आणि टायटॅनियम यांचंच ऑक्साइड. ती वाळू आहे तशी उत्प्रेरक होत नाही, तरी हे दोन्ही धातू आपल्या कोकणाला परके नाहीत.

गोबरगॅसला तर आणखी एक वाट जवळची आहे. त्यात मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड आधीच एकत्र असतात. 2020 मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठातल्या संशोधकांनी तांब्याच्या सूक्ष्म कणांवर रुथेनियमचे मोजके अणू बसवून, बाहेरून आच न देता केवळ प्रकाशावर या दोन वायूंपासून हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे मिथेनॉलचाच कच्चा माल, मिळवले.

अडचणी खऱ्या आहेत. सूर्यप्रकाशात अतिनील भाग जेमतेम पाच टक्के, म्हणून बरेचसे प्रयोग दिव्याखालीच होतात. हायड्रोजन पेरॉक्साइड फुकट मिळत नाही. गोबरगॅसमधला हायड्रोजन सल्फाइड धातूंना निकामी करतो. पाण्यात विरळ मिसळलेलं मिथेनॉल वेगळं काढायलाही ऊर्जा लागते. त्यामुळे उद्या कुणी अंगणात मिथेनॉलचं यंत्र विकायला आलं तर पैसे देऊ नका. मात्र या संशोधनावर सरकारने पैसा जरूर खर्च करावा, कारण विखुरलेल्या छोट्या गोठ्यांना परवडेल असं रसायनशास्त्र मोठ्या भट्टीतून येणार नाही.

आच न देता मिथेन बदलता येतो, हे आपल्या भाताच्या कुणग्यांतले जीवाणू केव्हापासून दाखवतात. त्यांची विकरं तांब्याच्या किंवा लोहाच्या बळावर मिथेनचं मिथेनॉल करतात, तेही अंधारात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. मोनाली रहाळकर यांनी भातशेतीतून असे जीवाणू वेगळे करून वाढवले आहेत.

असं रसायनशास्त्र गोठ्यापर्यंत पोचेल तोवर आपल्या हातात एक काम आहे. न जळता हवेत गेलेला मिथेन वीस वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटीहून जास्त उष्णता अडवतो. गॅस उरला तर शेजारच्या चुलीला द्या. पाइपच्या सांध्यांना अधूनमधून साबणाचं पाणी लावून पाहा, आणि बुडबुडा दिसला तर त्याच दिवशी दुरुस्ती करून घ्या.