काडतुसांतील दारूच्या मापाचे प्रमाद

जुन्या पोथ्यांशीं ज्यांचा नित्य परिचय आहे, त्यांस लेखनिकाचे दोन प्रमाद ठाऊक असतात. एकच ओळ दोनदां लिहिली जाणें हा एक, व मधली ओळ गळणें हा दुसरा. दोहोंचें कारण अज्ञान नव्हे. मूळ प्रतीवरून उठलेली दृष्टि पुन्हां योग्य स्थळीं परतत नाहीं, हें होय. घरीं काडतुसें भरणाऱ्याचे प्रमादहि नेमके हेच. भेद इतकाच कीं, पोथींतील चूक दुसऱ्या प्रतीवरून सुधारतां येते. येथें ती हातावर व डोळ्यांवर बेतते.

यास इतिहासाचा दाखला आहे. अमेरिकेंतील यादवी युद्धांत, १८६३ च्या जुलैंत, गेटिसबर्ग येथें लढाई झाली. रणभूमीवरून गोळा केलेल्या २७,५७४ बंदुकांपैकीं सुमारें २४,००० भरलेल्या निघाल्या. त्यांतील जवळजवळ निम्म्यांत दोन-दोन व चतुर्थांशांत तीनपासून दहापर्यंत बार ठासलेले होते. एकींत तर तेवीस आढळले. काडतुसें कागदाचीं असून दारू त्यांत आगाऊ मोजून घातलेली असे. माप चुकलें नव्हतें. पहिला बार उडाला कीं नाहीं, याचें भान सुटलें होतें.

त्या काळची काळी दारू धातूच्या पुंगळींत घातली तरी ती बहुतेक भरून टाकी. दुसरें माप घालूं गेल्यास तें सांडे व चूक उघडी पडे. १८८४ त फ्रान्समध्यें पॉल व्हिएय यांनीं बिनधुराची दारू सिद्ध केली. ती थोडकीच पुरते. पिस्तुलाच्या पुंगळींत पुष्कळदां ती निम्मी जागाहि व्यापीत नाहीं, म्हणून दोन मापें बेमालूम मावतात व शस्त्र फुटतें. उलट माप गळलें, तर नुसत्या टोपीच्या जोरानें गोळी नळींत शिरून अडकते. आवाज मंद येतो. तिकडे दुर्लक्ष करून दुसरा बार काढल्यास नळी फुटते. म्हणजे लोप हा द्विरुक्तीइतकाच घातक ठरतो.

तिसरा प्रमाद संज्ञेचा. ‘ग्रेन’ म्हणजे मूळचा धान्याचा दाणा, जशी आपली गुंज. ७,००० ग्रेनांचा एक पौंड होतो. हें वजन आहे. दारूच्या कणांची संख्या नव्हे. शिवाय निरनिराळ्या दारूंची घनता व जोर भिन्न असल्यामुळें एकीचें माप दुसरीस लावणें म्हणजे एका ग्रंथाची टीका दुसऱ्यास जोडणें होय.

उपाय साधे आहेत. मेजावर एका वेळीं एकच डबा असावा. काट्याची परीक्षा आरंभीं माहीत वजनानें करावी. रिकाम्या पुंगळ्या उपड्या ठेवाव्या, भरलेल्या उभ्या. गोळी बसविण्यापूर्वीं दिव्याखालीं सर्वांत डोकावून दारूची पातळी सारखी आहे कीं नाहीं तें पाहावें. कोणीं हांक मारिली तर हातांतली पुंगळी ओतून नव्यानें भरावी. शक्य तेथें दुप्पट घातल्यास सांडेल अशीच दारू निवडावी. आपल्या देशांत परवान्यावांचून हें काम १९५९ च्या शस्त्र-अधिनियमानें निषिद्ध आहे, हें सांगणें नलगे.

तरीहि विषय आमच्या वाचकांस परका नाहीं. एका वाड्यांत दप्तर पाहतांना आम्हीं भिंतीवरची तोड्याची बंदूक हातीं घेतली. ‘ती रिकामीच आहे,’ असें घरच्यांनीं सांगितलें. तोंडासमोर न राहतां नळींत वेताची काठी घालून खूण केली, व तीच बाहेरून लावून पाहिली. तों ती रंजकाच्या छिद्राच्या चार बोटें अलीकडेच थांबलेली. कोणा पूर्वजाचा बार आंत तसाच होता. काळी दारू कोरडी राहिल्यास पिढ्यान्‌पिढ्या जिवंत असते. अशा वेळीं आंत कांहीं खुपसूं नये, विस्तव दूर ठेवावा, व जाणत्या कारागिराकडून ती रिती करवावी. संग्राहकानें पोथीचें पान जसें मोजल्याखेरीज मानूं नये, तसेंच नळी मापल्याखेरीज रिकामी मानूं नये.